निकडीचा काटा

रडणाऱ्या माणसांचा पद्मजा येमूलला तिटकारा होता. समाजकल्याण खात्याची निरीक्षक म्हणून सोलापूरच्या पूर्वभागात ती दारोदार फिरायची, तेव्हापासूनचा. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की घराघरांत नाटक उभं राहायचं. टीव्हीवर चादर पडायची. धडधाकट सासरा खाटेवर आडवा होऊन खोकायला लागायचा. एका घरात तर शेजारचं आजारी पोर उसनं आणून मांडीवर घेतलेलं तिनं पकडलं होतं. ज्याला रडणं वठवता येई त्याला मदत मिळे, ज्याला येत नसे तो तसाच राही.

देणाऱ्यांची तर तिला किळस यायची. शिलाई मशीन वाटपाच्या कार्यक्रमात मशीनचं एक टोक पुढाऱ्याच्या हातात, दुसरं एखाद्या विधवेच्या हातात, आणि फोटो निघेपर्यंत त्या बाईनं हसत उभं राहायचं. घेणाऱ्याची परीक्षा घेतल्याशिवाय देणाऱ्याला चैन पडत नाही, असं पद्मजा म्हणायची, आणि समाजकार्याच्या अभ्यासक्रमात वाचलेला सगळा इतिहास तिला त्याच एका वाक्याचा पुरावा वाटायचा. पेशवाईत दक्षिणा हवी असेल तर शास्त्र म्हणून दाखवावं लागे. अन्नछत्रात पानावर बसायचं तर आधी जात सांगावी लागे. इंग्रजी अमलात मोठा दुष्काळ पडला तेव्हा सरकारनं खडी फोडायची कामं काढली, आणि ती मुद्दाम गावापासून लांब काढली. एवढं चालत येईल तोच खरा उपाशी, असा साहेबांचा हिशेब. मजुरी अशी बेतली की माणूस फक्त जिवंत राहावा. तो अंदाज चुकला आणि माणसं मेली. मेला तो मात्र निःसंशय गरजू होता, हे कागदोपत्री सिद्ध झालं.

म्हणून काटा आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद पद्मजाला झाला.

तोवर पूर्वभागातले माग माणसांशिवाय चालायला लागले होते. लांबलचक शेडमध्ये टॉवेल आपोआप विणले जात, आपोआप घडी होत, आणि दाराशी एकटा रखवालदार बसलेला असे. विड्यांचे कारखाने कायद्यानं बंद झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या हातांवर जगलेल्या वस्तीतले हात रिकामे पडले, तेव्हा सरकारनं 'निकड योजना' आणली. तिचं वैशिष्ट्य असं की दाखले नकोत, पंच नकोत, घरी येऊन डब्यांची झाकणं उघडून बघणारा निरीक्षक नको. फक्त डोक्यावरची एक बारीक बट द्यायची.

त्यामागचं शास्त्र सोपं होतं. माणूस संकटात असला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. ती शरीराची धोक्याची घंटा. रक्तातली घंटा तासातासाला बदलते. पण केस वाढताना त्या काळातलं कॉर्टिसॉल त्यात अडकून राहतं, आणि केस महिन्याला साधारण बोटाच्या नखाएवढा वाढतो. म्हणजे मुळापासचा केस हा गेल्या काही महिन्यांचा इतिहास झाला, आणि तो बदलून सांगणं माणसाच्या हातात नसतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं केस विरघळवून हा इतिहास चटकन वाचणारं यंत्र बनवलं, त्याला शरीरातल्या सुजेच्या आणखी काही खुणा मोजायची जोड दिली, आणि निकाल तीन रंगांत बसवला. तांबडा म्हणजे तीव्र निकड, कायमचा आधार. पिवळा म्हणजे तात्पुरती मदत. हिरवा म्हणजे समाधानी. लोक त्याला नुसतं 'काटा' म्हणू लागले.

पद्मजा पूर्वभागातल्या काटा केंद्राची प्रमुख झाली. पहिल्या दिवशी एक बाई सवयीनं पदर डोळ्यांना लावून आत आली.

"त्याची गरज नाही," पद्मजा म्हणाली. "डोकं पुढं करा."

बाई गोंधळली. "पण मी सांगितलंच नाही की अजून काही."

"तुमचे केस सांगतील."

त्या दिवशी पद्मजाला वाटलं की माणसाला माणसापुढं हात पसरायला लावणारी जुनी घाण एकदाची धुऊन निघाली.

*

तिची थोरली बहीण नागमणी केंद्रावर आली ती बरीच उशिरा, आणि तीसुद्धा शेजारणींनी ओढून आणली म्हणून. आई गेल्यावर अक्कानंच घर सांभाळलं होतं. विड्या वळून वळून तिची बोटं पिवळी झाली होती आणि त्या विड्यांवर पद्मजाचं शिक्षण झालं होतं. नवरा गेला, मुलगा श्रीनिवास सुरतेला गेला आणि त्याचे फोन हळूहळू बंद झाले. पद्मजा अधूनमधून घरी चल म्हणायची, अक्का म्हणायची, "माझं काय, चाललंय की." पद्मजा सात रस्त्याजवळच्या सरकारी फ्लॅटमध्ये राहायची. अंतर रिक्षाचं होतं, पण अक्काकडे जाणं सणावारापुरतं उरलं होतं.

अक्कानं निमूटपणे डोकं पुढं केलं. पांढऱ्या केसांची बट यंत्रात गेली.

निकाल हिरवा आला.

पद्मजानं कपाळाला आठी घातली. मोजणी चुकली असेल म्हणून पुन्हा बट घेतली. पुन्हा हिरवा. नुसता हिरवा नाही, तर केंद्रावर आजवर आलेल्या सगळ्यांत शांत आकडा.

"काय आलं गं?" अक्कानं विचारलं.

"समाधानी."

"बरं झालं," अक्का म्हणाली आणि चपला घालायला वळली.

दुसऱ्या दिवशी पद्मजा न कळवता अक्काच्या खोलीवर गेली. दुपारची वेळ होती. अक्का भिंतीला टेकून बसली होती. चूल थंड. डब्यात थोडे तांदूळ. पद्मजाला आपण पुन्हा निरीक्षक झाल्यासारखं वाटलं. झाकणं उघडून बघत होती.

"जेवलीस?"

"भूक लागत नाही आता."

"कधीपासून?"

"काय की. बरेच दिवस झाले." अक्कानं हसायचा प्रयत्न केला. तोंडात पुढचे दात नव्हते, मागचेही जवळजवळ नव्हतेच.

"श्रीनिवासचा फोन?"

"नाही."

"वाईट वाटतं का?"

अक्कानं खरंच विचार केला. "वाटायचं. आता नाही वाटत. काहीच नाही वाटत पद्मा. तुझ्या मशीननं बरोबरच सांगितलंय."

घरात दोघी तेलुगूत बोलायच्या. राग आला की मात्र मराठीत यायच्या, कारण भांडणं मराठी शाळेच्या अंगणात शिकलेली होती. पद्मजा मराठीत ओरडली, "अगं, उपाशी बसलीयस आणि बरोबर काय सांगितलंय म्हणतेस! मला सांगायचं नाहीस?"

अक्का ओरडली नाही. ती तेलुगूतच शांतपणे म्हणाली, "तू मशीनला विचारलंस. मला कुठं विचारलंस?"

*

काट्याच्या निर्मात्याला, डॉ. मिहीर केळुस्करांना, भेटायला पद्मजा पुण्याला गेली. माणूस सज्जन होता. त्यांनी तिला चहा दिला, अक्काचे आकडे बघितले आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"याला आम्ही बोथट प्रतिसाद म्हणतो," ते म्हणाले. "घरात धोक्याची घंटा बसवली आणि ती वर्षानुवर्षं सतत वाजत राहिली, तर तुम्ही काय कराल? शेवटी तार कापाल. शरीरही तेच करतं. कॉर्टिसॉल सतत वाढलेलं राहिलं तर ते शरीर पोखरतं, म्हणून मेंदू ग्रंथींना हुकूम देणंच बंद करतो. मग भूक मरते, राग मरतो, झोप आणि जाग यांतला फरक पुसट होतो. केसात काही उरत नाही."

"म्हणजे जो थोडाफार अडचणीत आहे तो तांबडा. आणि जो आयुष्यभर भरडला गेलाय तो हिरवा."

"सगळेच नाही. काही."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"शास्त्रात सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या पहिल्या अहवालात लिहिलंही होतं."

"कुठं?"

केळुस्करांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तळटीपेत."

पद्मजाला या माणसाचा राग यावा असंही काही त्याच्यात नव्हतं. अशी माणसं दुष्ट नसतात. ती सत्य बारीक अक्षरांत लिहितात आणि कोणी वाचलं नाही तर सुटकेचा श्वास टाकतात.

"यावर उपाय?" तिनं विचारलं.

"तार पुन्हा जोडता येते. काही महिने नीट खायला मिळालं, उद्याची खात्री वाटली, तर मेंदूला वाटतं की आता ओरडण्यात अर्थ आहे, कुणीतरी ऐकेल. मग घंटा वाजायला लागते. पण येमूलबाई, तेव्हा एक होईल." ते अडखळले. "मदत मिळाल्यावर त्यांचा आकडा वाढेल. खूप वाढेल. हे कागदावर चांगलं दिसणार नाही."

*

केंद्रप्रमुखाला एक अधिकार होता. पूर, आग, घर कोसळणं अशा वेळी काट्याचा निकाल न बघता कुणालाही तीन महिने शिधा आणि औषधपाणी देता येई. पद्मजानं पूर्वभागातल्या सगळ्या हिरव्यांना त्या कलमाखाली बसवलं. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, 'घर कोसळले'. तिच्या मते ते खोटं नव्हतं.

अक्काला आधी फक्त झोप आली. ती आठवडाभर झोपली, उठून जेवायची आणि पुन्हा झोपायची. मग भूक आली. मग एका सकाळी ती शिध्याची पिशवी घेऊन पायी केंद्रावर आली आणि पिशवी पद्मजाच्या टेबलावर उपडी केली.

"खडे बघ! तांदूळ आहेत का खडे आहेत? कोण पाठवतं हे? बोलाव त्याला!"

रांगेतली माणसं बघायला लागली. पद्मजानं आयुष्यात अक्काचा वरचा आवाज ऐकला नव्हता. ती खुर्चीतून उठली, आणि तिला काय वाटलं ते तिचं तिलाच कळलं नाही. अंगावर काटा आला एवढं खरं.

तो आवाज मग थांबला नाही. अक्का दूधवाल्याशी भांडली, घरमालकाशी भांडली. श्रीनिवासच्या आठवणीनं ती दिवसच्या दिवस तळमळायची. झोप उडाली. आणि एका रविवारी, पद्मजा डबा घेऊन गेली असताना, तिनं डबा बाजूला सारला.

"मलाही शाळा आवडायची," अक्का म्हणाली. मराठीत.

"काय?"

"मला सातवीत पहिला नंबर होता. आई गेली तेव्हा अण्णा म्हणाले, एकीला बसावं लागेल घरी. मी थोरली म्हणून मी बसले. तू कधी विचारलंस, अक्का तुला काय पाहिजे होतं? माझी पिवळी बोटं बघून तू भाषणं केलीस कॉलेजात. बहिणीच्या कष्टांवर शिकले म्हणून टाळ्या घेतल्यास. मला राग येत होता गं तेव्हा. एवढा राग यायचा की घास उतरायचा नाही. मग कधीतरी यायचाच बंद झाला."

पद्मजानं आपण त्या भाषणांत काय काय बोललो ते आठवायचा प्रयत्न केला आणि मग तोही सोडून दिला. डबा उघडून तिनं विचारलं, "आता काय पाहिजे?"

"दात," अक्का ताडकन म्हणाली. "मला दात पाहिजेत. कडक भाकरी खायचीय मला, शेंगाच्या चटणीशी. पाण्यात बुडवून लगदा करून नाही. कडाकडा."

खात्याच्या कुठल्याही योजनेत दात नव्हते. तिथं कॅलरी होत्या, वजन होतं, आता काटाही होता. एखाद्या म्हातारीला कडक भाकरी मोडायचा आवाज ऐकायचा असेल, ही शक्यता कोणाही विद्वानाच्या डोक्यात आली नव्हती.

तीन महिने संपता संपता पद्मजानं सगळ्या हिरव्यांचे केस पुन्हा मोजले. जवळजवळ सगळे तांबडे झाले होते. अक्काचा निकाल तर पट्टीच्या टोकाला जाऊन टेकला.

*

ही बातमी मुंबईला पोचायला वेळ लागला नाही. कल्याण विभागाचे सचिव विक्रांत सरदेशमुख स्वतः सोलापूरच्या विश्रामगृहावर आले. बरोबर केळुस्कर होते, दोन उपसचिव होते, आणि भिंतीवर टाकायला एक आलेख होता. सचिव खुशीत होते.

"येमूलबाई, तुम्ही नकळत मोठं काम केलंय," ते म्हणाले. "हे बघा. मदतीच्या आधी, हिरवं. मदतीनंतर, तांबडं. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो की फुकट दिलं की माणूस बिघडतो, मागण्या वाढतात, समाधान जातं. लोक आम्हाला निर्दयी म्हणायचे. आता विज्ञानच म्हणतंय."

"विज्ञान असं म्हणत नाही," पद्मजा म्हणाली. "डॉक्टरांना विचारा."

केळुस्कर आलेखाकडे बघत म्हणाले, "याचे वेगवेगळे अर्थ लावता येतील."

"अगदी बरोबर," सचिव म्हणाले. "आम्ही एक लावलाय. नवा शासन निर्णय तयार आहे. हिरव्यांना मदत देऊन त्यांची शांतता मोडायची नाही. उलट त्यांचा गौरव करायचा. समाधानी नागरिक म्हणून. शाल, श्रीफळ, मानपत्र. गरिबीतही माणूस सुखी राहू शकतो हे समाजापुढं यायला हवं. प्रयोगाची माहिती तुमची, त्यामुळं प्रस्तावना तुम्ही लिहायची. मुंबईत संचालकपद रिकामं आहे, ते मी वेगळं सांगायला नको."

पद्मजाला आजवर रडणाऱ्यांचा जो तिटकारा वाटायचा, तो या क्षणी तिला पोरकट वाटला. ती माणसं निदान पोटासाठी नाटक करत होती. इथं पोट भरलेला माणूस उपाशी बाईच्या गप्प बसण्याला शाल पांघरायला निघाला होता, आणि त्याला आपण दयाळू आहोत असं मनापासून वाटत होतं.

"तुम्ही त्यांच्यातल्या कुणाला भेटलात?" तिनं विचारलं.

"भेटू की. आणलंय का कुणाला?"

अक्का बाहेरच्या बाकावर बसली होती. ती आत आली. सचिवांनी उठून नमस्कार केला. त्यांचं वागणं नेहमीच सभ्य असे. चहा आला, बिस्किटं आली.

"आजी, एक सांगा," ते मऊ आवाजात म्हणाले. "मदत मिळायच्या आधी बरं वाटत होतं, की आता?"

"आधी," अक्का म्हणाली.

सचिवांनी उपसचिवांकडे बघितलं. एकानं ते टिपून घेतलं.

"आधी बरं होतं," अक्का पुढं बोलत राहिली. "काही दुखायचं नाही. पोरगा आठवायचा नाही. मेलेल्या माणसाला काय दुखतंय? आता सगळं दुखतंय. गुडघा दुखतोय, पोरगा दुखतोय. तुम्ही बिस्किटं दिलीत, दात नाहीत, त्याचा राग येतोय. बहिणीचा राग येतोय. तुमचाही येतोय, पण तुम्ही कोण ते मला माहीत नाही." तिनं बिस्किटाची बशी त्यांच्याकडे सरकवली. "ते वहीत लिहिणारे साहेब अर्ध्यात का थांबले? लिहा की पुढचं."

उपसचिवाचं पेन हवेत होतं. सचिव हसले. "आजी गमतीच्या आहेत."

"साहेब," पद्मजा म्हणाली, "याच शहरात दुष्काळात विणकरांना खडी फोडायला पाठवायचं ठरलं होतं. तेव्हा कुणीतरी शहाण्या माणसानं म्हटलं की यांची बोटं एकदा बिघडली की ती पुन्हा मागावर बसणार नाहीत. मग त्यांना सूत दिलं आणि घरच्या मागावरच काम दिलं. कारण कुणीतरी विचारलं की तुम्हाला काय येतं आणि काय पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आपल्याला यंत्र घेऊन जमत नाही. मी प्रस्तावना लिहिणार नाही."

"तुमची मर्जी. दुसरं कुणी लिहील."

"लिहू दे. पण नवा निर्णय अजून निघालेला नाही. आजच्या नियमात लिहिलंय की तांबडा निकाल आला की कायमचा आधार. आधी हिरवा असेल तर देऊ नये, असं कुठंही लिहिलेलं नाही. या सगळ्यांची मंजुरी मी काल करून टाकली."

सचिवांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ती रद्द करता येईल," सचिव म्हणाले.

"करा. पण कारण द्यावं लागेल. काटा चुकला असं लिहा, मग राज्यभर काट्यानं नाकारलेली माणसं उद्या तुमच्या दारात उभी राहतील. काटा बरोबर आहे असं लिहा, मग या माणसांना द्या."

सचिवांनी केळुस्करांकडे बघितलं. केळुस्कर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "काटा बरोबर आहे, सर." बहुधा आयुष्यातलं एकमेव धाडस त्यांनी तेव्हा केलं, आणि तेही स्वतःच्या यंत्राची अब्रू राखायला.

सरदेशमुखांनी कागद गोळा केले. राग त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही. तेवढी किंमत ते तिला द्यायला तयार नव्हते. "तुम्ही हुशार आहात, येमूलबाई," ते म्हणाले. "हुशार माणसांची खात्याला सगळीकडेच गरज असते."

*

बदली नंदुरबारला झाली, एका गोदामावर. तिथं जुन्या योजनांची न वाटलेली घोंगडी कुजत पडली होती आणि ती सांभाळायला एका वर्ग एक अधिकाऱ्याची खात्याला अचानक गरज निर्माण झाली होती.

पूर्वभागातल्या त्या एका तुकडीचा आधार मात्र टिकला. तो काढायला कारण सापडलं नाही. अक्काला औषधपाण्याच्या सदरात दात मिळाले. दंतवैद्यानं त्याचं नाव 'पचनसंस्थेचे उपचार' असं लिहिलं. बाकी सगळं सरदेशमुखांच्या मनासारखं झालं. तातडीच्या मदतीचं कलम रद्द झालं. नवा निर्णय निघाला. जिल्ह्याजिल्ह्यांत समाधानी नागरिकांचे सत्कार झाले, आणि पद्मजानं गोदामातल्या टीव्हीवर ते बघितले. ओळीनं बसवलेली म्हातारी माणसं, खांद्यांवर शाली, मांडीवर नारळ. नारळ फोडायची ताकद त्यांच्यातल्या कुणातही दिसत नव्हती. निवेदक म्हणत होता, यांच्या चेहऱ्यावरची शांती बघा.

पद्मजानं टीव्ही बंद केला. एवढी धडपड करून आपण काय मिळवलं, तर शहराचा एक कोपरा. बाकी राज्य तसंच निमूट उपाशी बसलं होतं. आपण दुसऱ्यांना पारखण्यात हयात घालवली आणि शेवटी एका सरकारी कलमावर विसंबलो. ते कलम त्यांनी बोटानं पुसून टाकलं. तिला स्वतःचाही तिरस्कार वाटला.

तिनं अक्काला फोन लावला. त्या रविवारनंतर दोघींचं बोलणं तुटक झालं होतं. अक्का अजून रागावलेली होती आणि ते लपवत नव्हती. फोन बराच वेळ वाजला.

"काय गं?" अक्का धापा टाकत होती. मागं भांड्यांचा आणि बायकांचा गलका होता.

"कुठं आहेस?"

"मागच्या वस्तीत, पूर्वभागाच्या बाहेर. सत्काराच्या शाली मिळाल्यात ना तिथं, त्यांच्याकडं."

"तिथं काय करतेस?"

"जेवायला घालतोय. आम्ही सगळ्याजणी. आमच्या शिध्यातलं थोडंथोडं काढतो आणि एका ठिकाणी रांधतो. दोन महिने झाले. नियमात बसत नाही म्हणू नकोस मला."

पद्मजा खुर्चीवर सावकाश बसली. सरकारनं मदत द्यायचं कलम काढलं होतं. शेजारणीनं शेजारणीला जेवायला घालू नये असं कलम लिहायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या बायका काय करत होत्या हे त्यांना पुरतं कळलं होतं की नाही, कोण जाणे. पण आणखी महिनाभरानं त्या वस्तीतल्या लोकांच्या केसात काय सापडेल, आणि नियम त्याला काय म्हणतो, हे पद्मजाला माहीत होतं. तांबड्याला कायमचा आधार, हे कलम नव्या निर्णयातही तसंच राहिलं होतं.

"अक्का, ऐक, त्यांना केंद्रावर कधी न्यायचं ते मी—"

"नंतर सांग. आत्ता नाही." अक्काचा आवाज एकदम फुलला. "अगं, ती रुक्मव्वा आहे ना, वर्षभर तोंडातून शब्द काढला नव्हता तिनं, घास भरवला तर गिळायची, नाही भरवला तर नाही. आज ताट ढकललं माझ्या अंगावर! भाजी अळणी आहे म्हणून ओरडली! तू ठेव फोन, मी मीठ घेऊन जाते."